गाडीच्या पोटाखालची अकरा वर्षं

आमची जुनी गाडी २०२५ च्या मार्चमध्ये विकली. २०१४ च्या गुढीपाडव्याला घेतलेली, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, एकच मालक, ८६,२०० किलोमीटर. लोटे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या एका मुलाने ती २,२०,००० रुपयांना घेतली. त्याच्या आधी घाटावरच्या दोन व्यापाऱ्यांनी त्याच गाडीचे १,६५,००० आणि १,७५,००० सांगितले होते. गाडी तीच, रंग तोच, टायर तेच. मधल्या पन्नास हजारांचं काय झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात आहे, कारण गाडीचं काम घरी केलं तर विकताना किंमत पडते का, हे मला शाळेतल्या सहकाऱ्यांपासून भाच्यापर्यंत सगळे विचारतात.

मी गुहागरात राहते, हायस्कूलला गणित शिकवते. गाडीचं काम बाबांकडून शिकले. बाबा एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. ही गाडी नवी आली तेव्हा ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचे हात शिवशिवत असायचे. तरी वॉरंटीची दोन वर्षं त्यांनी मला बॉनेट उघडून फक्त ऑइलची पट्टी बघू दिली. "वॉरंटी आहे तोवर शिक्का त्यांचाच हवा. उद्या काही झालं तर आपल्या बाजूने कागद नको काय?" तेव्हा दर सर्व्हिसिंगला दीड तास गाडी हाकत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं, दिवस घालवायचा, संध्याकाळी परत यायचं. शाळेची एक रजा जायची.

वॉरंटी संपल्यावरही वर्षभर जात राहिले. मग २०१७ चा पाऊस झाला. ऑक्टोबरात सर्व्हिसिंगला गाडी देताना मुद्दाम सांगितलं होतं, हँडब्रेक सोडल्यावर मागचं डावं चाक अडकतं, टक्क आवाज येतो आणि मग सुटतं. संध्याकाळी बिल मिळालं, त्यात चारही चाकांचं ब्रेक क्लीनिंग लावलेलं. परत येताना निम्म्या वाटेत चाक पुन्हा टक्क वाजलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी अंगणात पुढच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, मागची बाजू जॅकने उचलून खाली लाकडाचे ठोकळे दिले आणि ब्रेकचा ड्रम काढला. आत लाल चिखल वाळून घट्ट बसला होता. लायनरच्या, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडेला, स्प्रिंगच्या वेढ्यांत, पार कोपऱ्यापर्यंत. त्या थरावर ब्रशचा एक ओरखडासुद्धा नव्हता. ड्रम उघडलेलाच नव्हता. बाबा काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने त्यांनी सगळं साफ केलं. मी फुंकर मारायला गेले तर हात धरला, ती धूळ छातीत जाते म्हणाले. ड्रमची कड पॉलिश पेपरने घासली, परत बसवलं. मग माझ्या टेबलावरची शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: तारीख, किलोमीटर २६,४१०, मागचे दोन्ही ड्रम उघडून साफ, लायनर ठीक, डाव्या बाजूची स्प्रिंग गंजलेली, बदलणे.

"डेपोत न लिहिलेलं काम झालेलंच नसतं," म्हणाले. त्या वहीची सुरुवात अशी झाली. त्यानंतर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली नाही.

घरी करायचं साधं काम काही कठीण नाही. वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल बदलायचं. ५डब्ल्यू-३० ऑइल, ऑइल फिल्टर, ऑइल खाली सोडायच्या ड्रेन नटाखालचं वॉशर, गरज असेल तर एअर फिल्टर. सगळं मिळून मला दोन हजारांच्या आत पडायचं, सेंटरचं बिल साडेपाच-सहा हजारांच्या घरात जायचं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ते मात्र मी गॅरेजमध्ये करून घेतलं, कारण ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात आणि चूक परवडत नाही. व्हील अलाइनमेंट, एसीचा गॅस, क्लच प्लेट, सस्पेन्शन हे सगळं बाहेरच. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यायचं. माडाच्या आळ्यात किंवा गडग्याकडेला ओतणारे लोक मी पाहिले आहेत. खाली विहिरी आहेत हो आपल्या.

२०१९ मध्ये माझ्याकडून एक चूक झाली. बाबा तेव्हा आजारी होते, मी एकटीने ऑइल बदललं आणि भीतीपोटी ड्रेन नट जास्त आवळला. आटे गेले. पुढच्या आठवड्यात अंगणात थेंब दिसू लागले. शृंगारतळीच्या गॅरेजमध्ये जाऊन चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, नवे आटे पाडून घेतले, एक नंबर मोठा नट बसवला, सहाशे रुपये. घरी येऊन वहीत लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. बाबांनी अंथरुणावरून विचारलं, "लिहिलंस काय गो?" मग लिहिलं, जसं झालं तसं, "माझ्या हातून" या शब्दांसकट.

आता खरं काम. किनाऱ्यावरच्या गाडीला इंजिन मारत नाही, गंज मारतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा, झाकण लावलेलं असलं तरी मीठ ओलं होतं. तेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर गाडीच्या खाली, चाकांच्या कमानींत आणि पत्र्याच्या दुमडीत जाऊन बसतं. एकदा बसलं की हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणजे उन्हात उभी असलेली गाडीसुद्धा आतून ओलीच. त्यावर जांभ्याच्या लाल धुळीचा लेप. त्यावर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन असलेली गाडी इथे आठव्या वर्षी फूटबोर्डातून फाटायला लागते ती यामुळे.

धोपावे-दाभोळ फेरीने आम्ही वर्षातून दहा-बारा वेळा जातो, माझी बहीण दापोलीला असते. भरतीच्या वेळी जेटीच्या उतारावर पाणी असतं आणि चढता-उतरताना गाडीच्या पोटावर खारं पाणी उडतं. तिथून आलं की त्याच दिवशी गाडी खालून धुवायची, दुसऱ्या दिवशी नाही. पाण्याचंही बघायचं. आमची किनाऱ्याकडची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ धुऊन परत मीठ लावणं. म्हणून उन्हाळ्यात वरच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी दोन पिंप भरून ठेवायचे. पाइपच्या तोंडाला अंगठा दाबून चाकांच्या कमानीत आतून वर, मग दारांखालची पट्टी, मग मागचा एक्सल. वीस मिनिटं लागतात. वरून चकचकीत पुसण्यात लोक तासभर घालवतात आणि खाली एक तांब्या पाणी मारत नाहीत.

मग भोकं. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला दोन-तीन बारीक भोकं असतात. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात जातं आणि तिथून निघतं. ती भोकं चिखलाने बुजली की दारात पाणी साठतं आणि दार आतून कुजतं. बाहेर रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा संपत आलेला असतो. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथेही तेच. आमच्याकडे किनारा सगळा सुरूचा, त्याच्या सुया त्या जाळीतून आत जातात आणि पाण्याची वाट बंद करतात. मग पाणी पायाशी, मॅटखाली. २०२० च्या जुलैत मला पायाखाली कुबट वास आला, मॅट उचलली तर खालचं फोम पिळलं की पाणी गळत होतं. जाळी काढली तर आत मूठभर सुरूच्या सुया, शेवयांच्या गोळ्यासारख्या दाबून बसलेल्या. ही भोकं साफ करायला तार घ्यायची नाही, तारेने रंग खरवडला जातो आणि तिथूनच गंज धरतो. खराट्याची हीर घ्यायची. बारीक, चिवट आणि रंगाला इजा न करणारी. वर्षातून दोनदा, मे संपताना आणि नवरात्राच्या आधी. अकरा वर्षांत दुसरं कुठलंही काम या हिरेइतकं फळलं नाही.

डिकीत मासळी न्यायची असेल तर खालून न गळणारा डबाच हवा. बर्फाचं खारं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात उतरतं आणि तिथे कोणी बघत नाही. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढून महिन्यातून एकदा कोरडं करायचं. पावसात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाकायचा आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावायचा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी जमते ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, कोरडं झालं की व्हॅसलिनचा हात.

खालून डांबरी कोटिंग मारून देतो असं सगळीकडे सांगतात. नव्या कोरड्या पत्र्यावर ते चांगलं आहे. गंज धरलेल्या पत्र्यावर नुसतं धुऊन मारलं तर ओल आत कोंडते आणि कोटिंगच्या खाली गंज निवांत पसरतो, वरून काळंभोर दिसतं म्हणून कळतही नाही. बाबांच्या पिढीत जुनं ऑइल फवारायचे. त्याने पत्रा टिकत असेल, पण रबरी बुश फुगून खराब होतात आणि रस्त्यावर तेल गळतं. मी घासून, गंज थांबवणारा प्रायमर लावून, वाळवून मग रंग, असं बोटभर-बोटभर जागेला करत गेले. प्रत्येक जागा वहीत.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यानंतरची पानं माझ्या अक्षरातली.

विकायला काढली तेव्हा पहिल्या व्यापाऱ्याने फोनवरच गाडीचा नंबर विचारला. तासाभराने फोन आला. "मॅडम, कंपनीच्या रेकॉर्डला शेवटची सर्व्हिसिंग २०१७ ची, सव्वीस हजारांवर. आता तुम्ही शहाऐंशी म्हणता. मधलं काहीच नाही. मीटर मागे केलेला नाही कशावरून?" मला राग आला. पण त्याच्या जागी बसून बघितलं तर तो चुकीचं बोलत नव्हता. त्याला ही गाडी पुढे कोल्हापूर-सांगलीकडे कोणा अनोळखी माणसाला विकायची. त्या माणसाला गुहागरची बाई आणि तिची वही काय माहीत? त्याला संगणकावरची यादी दाखवता आली पाहिजे. त्यात एमएच ०८ बघितलं की समुद्रकाठची गाडी म्हणून घाटावरचे लोक आधीच दहा-वीस हजार कमी धरतात. दुसऱ्या व्यापाऱ्याचा माणूस घरी आला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्याने सगळ्या दारांना लावलं, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा बघितल्या, डिकीतला गालिचा उचलला. खाली वाकून बघितलं नाही. वही मी पुढे केली तर म्हणाला, हाताने लिहिलेलं चालत नाही मॅडम.

लोट्याचा मुलगा आला तो आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन. मेकॅनिक पन्नाशीचा, बोलणं कमी. म्हणाला, गाडी खड्ड्यावर घेऊ या. शृंगारतळीला खड्डा असलेल्या गॅरेजवर गेलो. तो टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उतरला आणि दारांखालच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचत गेला. टक टक टक. पोकळ पत्र्याचा आवाज वेगळा असतो, तो मलाही कळतो. पुढून मागे, मग दुसरी बाजू. मागच्या एक्सलवर नखाने खरवडलं. मी वर उभी, हातात वही, आणि माझ्या तळव्यांना घाम.

खालून आवाज आला, "बाई, चेंबरचा नट मोठा का बसवलाय?"

मी २०१९ चं पान काढून त्याला खाली दिलं. तो खड्ड्यातच उभं राहून वाचत होता. मग आणखी पानं उलटली. वर येऊन हात पुसले आणि त्या मुलाला म्हणाला, "जिने आपली चूक लिहून ठेवली, ती बाकीचं खोटं कशाला लिहील?" नंतर त्याने हिशेब तपासला, अगदी आमच्या वर्गातल्या हुशार पोरासारखा. टायरच्या दुकानातली अलाइनमेंटची बिलं मी वहीला टाचून ठेवली होती, त्यांवर दुकानाने किलोमीटर छापलेले: ४१ हजार, ५८ हजार, ७४ हजार. बॅटरीचं वॉरंटी कार्ड, तारखेसह. टायरच्या कडेवरचे चार आकडे, २३२२, म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, आणि वहीत टायर बदलल्याची नोंद त्याच वर्षी ऑगस्टची. माझं अक्षर आणि बाहेरचे कागद जुळत गेले. मी २,३०,००० म्हटलं होतं, २,२०,००० ला ठरलं.

आता हिशेब मांडते. आठ वर्षांत घरी काम करून वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास वाचले, म्हणजे अठ्ठावीस हजार. व्यापाऱ्याला दिली असती तर ते सगळे आणि वर आणखी काही गेले असते. जवळच्या गिऱ्हाइकाला, पत्रा टोचून बघणाऱ्या माणसाबरोबर दिली म्हणून माझं नुकसान झालं नाही. त्यासाठी मला सात आठवडे थांबावं लागलं. ज्याला महिन्याभरात गाडी काढायची आहे, बदली झाली आहे, पैशांची नड आहे, त्याला एवढं थांबता येत नाही, आणि त्याच्या बाबतीत सेंटरच्या शिक्क्यांना खरोखर किंमत आहे. चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी सरळ तिकडेच जावं असं माझं मत आहे. दहा वर्षं वापरून आपल्याच तालुक्यात विकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्या गाडीची किंमत पत्र्यात असते, आणि पत्र्याचं काम इथे मालकाशिवाय कोणी करत नाही. मी कंपनीच्या तिथे साडेतीन वर्षं जात होते, त्या सगळ्या बिलांत दाराची भोकं साफ केल्याची एकही ओळ नाही.

एक गोष्ट मी वेगळी करायला हवी होती. दोन वर्षांतून एकदा तरी सेंटरला नुसतं ऑइल बदलायला जाऊन रेकॉर्ड चालू ठेवायला हवं होतं. चार खेपांचे फार तर पंधरा हजार जादा गेले असते आणि मीटरचा प्रश्नच आला नसता. २०१७ च्या त्या ड्रमचा राग मी आठ वर्षं धरून बसले. नव्या गाडीची सर्व्हिसिंग मी सेंटरलाच करते, बिलावर काय केलं ते तिथेच उभी राहून एकेक ओळ विचारून घेते, ड्रम उघडताना समोर थांबते. खालून धुणं आणि हीर माझ्याकडे.

कागदांचंही सांगते, कारण त्यात लोक फसतात. फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलायच्या अर्जांवर, सही करून गाडी दिली की काम संपलं असं समजू नका. गाडी दिल्यावर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. नाव बदलेपर्यंत अपघात, दंड सगळं तुमच्या नावावर येतं. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात तो लागतो. माझा ५० टक्के होता, तो मला मिळाला.

गाडी नेताना त्या मुलाने वही मागितली. मी आधीच झेरॉक्स काढून ठेवली होती, वाटलं होतं झेरॉक्स त्याला देईन. पण त्याने मूळ वही उघडली, ड्रमची पहिली नोंद वाचली आणि विचारलं, ती स्प्रिंग मग बदलली का? पान दोन वर बाबांनी लिहिलं होतं, बदलली, ९० रुपये. मूळ वही त्याला दिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, हँडब्रेक सोडला तर टक्क आवाज येतोय. त्याला म्हटलं, पहिला गिअर टाक आणि चाकाला चिरा लाव, आणि रविवारी ड्रम उघड.